टाकीतले चांदणे: घरच्या घरी एलईडीचा चंद्र कसा करावा

रात्री टाकीवरचा मुख्य दिवा खटकन बंद केल्यावर पहिल्या काही सेकंदांत आत काय होते, ते एकदा टाकीसमोर उभे राहून पाहावे. खोलीही अंधारी असेल तर शांतपणे फिरणारे मासे एकदम उसळतात, एखादा काचेवर आपटतो, एखादा झाडाच्या खोडात शिरतो, आणि तळाशी वाळूचा लहानसा धुरळा उठतो. याचे कारण माशाच्या डोळ्यात आहे. आपण अंधारात गेलो की आपल्या डोळ्याची बाहुली लगेच मोठी होते. बहुतेक माशांची बाहुली मात्र जवळजवळ स्थिर असते. प्रकाश कमी झाला की त्यांच्या दृष्टिपटलातील पेशींनाच जागा बदलावी लागते. उजेडात काम करणाऱ्या शंकूपेशी आणि अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी अक्षरशः पुढेमागे सरकतात, त्यांच्यामधले काळे रंगद्रव्यही सरकते, आणि हे सगळे पुरे व्हायला काही मिनिटे नव्हे, तर अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागू शकतो. निसर्गात संध्याकाळ हळूहळू उतरत असल्यामुळे हा वेळ त्यांना आपोआप मिळतो. टाकीत तो आपण द्यावा लागतो.

मुख्य दिवा आणि पूर्ण अंधार यांच्या मधली ही पायरी म्हणजे टाकीतले चांदणे. ते करण्यासाठी लागणारे सामान मुठीत मावते: एक-दोन एलईडी, एक रेझिस्टर, जुना अ‍ॅडॉप्टर आणि थोडी वायर. तरीही बहुतेक घरगुती प्रयत्न एकाच ठिकाणी चुकतात आणि ती चूक जोडणीत नसते. चांदणे करायला बसलेला माणूस बहुधा चांदण्याच्या कित्येक पट उजेड करून ठेवतो. म्हणून तारांना हात लावण्यापूर्वी खरे चांदणे किती अंधुक असते, हे नीट समजून घ्यावे असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

पृष्ठभागावर पडणारा उजेड लक्स या एककात मोजतात. भर दुपारी निरभ्र आकाशाखाली सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो. घरातल्या दिव्याखाली तो १०० ते ५०० लक्सच्या आसपास येतो. पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असताना, आकाश स्वच्छ असतानाही, जमिनीवर जेमतेम ०.२५ लक्स उजेड पोचतो. म्हणजे ऊन आणि चांदणे यांत सुमारे चार लाख पटींचे अंतर आहे. चंद्र पांढराशुभ्र दिसत असला, तरी त्याचा पृष्ठभाग खरे तर काळसर खडकाचा आहे आणि त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी फक्त १२ टक्क्यांच्या आसपास तो परत फेकतो. पिठूर चांदण्यात आपल्याला सगळे लख्ख दिसते असे वाटते, ते चांदणे प्रखर असते म्हणून नव्हे, तर आपला डोळा अंधाराला पूर्ण सरावलेला असतो म्हणून.

आता एका एलईडीचा हिशेब करू. पाच मिलिमीटर व्यासाच्या साध्या निळ्या एलईडीची प्रखरता २० मिलिअँपिअर प्रवाहावर ३ कँडेला धरली, तर ते नेहमीच्या मालाला धरून होईल. प्रखरतेला अंतराच्या वर्गाने भागले की लक्स मिळतात. एलईडी तळापासून अर्ध्या मीटरवर असेल, तर ३ भागिले ०.२५, म्हणजे तळावर १२ लक्स उजेड पडतो. एकच एलईडी, तोही नखाएवढा, आणि उजेड मात्र पौर्णिमेच्या जवळजवळ पन्नास पट! असे सहा किंवा बारा एलईडी ओळीने लावले की जे तयार होते, त्याला निळ्या दिव्यांची रोषणाई म्हणता येईल. चांदणे म्हणता येणार नाही.

हा फरक केवळ शब्दाचा नाही. माशाला पापण्या नसतात, त्यामुळे नको असलेला उजेड त्याला डोळे मिटून बाहेर ठेवता येत नाही. शिवाय त्याच्या मेंदूच्या वरच्या बाजूला असलेली पिनिअल ग्रंथी कवटीच्या पातळ आवरणातून आत येणारा प्रकाश स्वतःच ओळखते. अंधार पडला की ही ग्रंथी मेलाटोनिन हे संप्रेरक सोडते आणि शरीराला रात्र झाल्याचे कळते. युरोपातील पर्च या माशावर झालेल्या प्रयोगांत रात्रभर ठेवलेल्या अवघ्या १ लक्स उजेडानेही मेलाटोनिनची रात्रीची वाढ दबलेली आढळली. प्रत्येक जातीचा मासा पर्चइतकाच संवेदनशील असेल असे नाही, पण बारा लक्सचा निळा उजेड रात्रभर ठेवणे ही माशांची सोय नाही, इतके यावरून स्पष्ट व्हावे.

रंगाबद्दलही एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. चंद्रप्रकाश निळा असतो असे आपण गृहीत धरतो, आणि म्हणून बाजारात मिळणारे अशा प्रकारचे दिवेही निळेच असतात. प्रत्यक्षात चंद्रावरून परतणारा प्रकाश सूर्यप्रकाशापेक्षा किंचित पिवळसर असतो. निळेपणा निर्माण होतो तो पाहणाऱ्याच्या डोळ्यात. उजेड फार कमी झाला की शंकूपेशी थकतात आणि दंडपेशी काम हाती घेतात. या दंडपेशींना तांबडा प्रकाश जवळजवळ दिसत नाही, निळा-हिरवा मात्र चांगला जाणवतो. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याची नोंद केली: दिवसा झळकणारी तांबडी फुले पहाटेच्या अंधुक उजेडात काळवंडलेली आणि त्यांची हिरवी पाने मात्र उजळ दिसतात. दुसरा युक्तिवाद असा केला जातो, की पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते आणि निळा खोलवर जाऊ देते. समुद्रात काही मीटर खोलीवर ते खरेच घडते, पण अर्ध्या मीटरच्या टाकीत त्याचा परिणाम नगण्य असतो.

म्हणून निळा एलईडी वापरूच नये का? वापरावा, डोळ्याला तो सुरेख दिसतो; परंतु त्याची एक बाजू लक्षात ठेवून वापरावा. लक्स हे माप शंकूपेशींच्या, म्हणजे उजेडातल्या दृष्टीच्या हिशेबाने ठरवलेले आहे. साधारण ४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश शंकूपेशींना फिका वाटतो आणि दंडपेशींना त्याच्या कित्येक पट तेजस्वी. त्यामुळे लक्समीटरवर ०.२५ आकडा दाखवणारा निळा उजेड, अंधाराला सरावलेल्या डोळ्याला पौर्णिमेपेक्षा बराच जास्त वाटतो. निळा निवडला, तर हिशेबाने येणाऱ्या प्रवाहाच्याही खाली जावे. ज्यांना माशांचे रंग थोडे तरी खरे पाहायचे आहेत, त्यांनी पिवळसर पांढरा एलईडी घ्यावा. निळ्या उजेडात तांबडे काहीच परावर्तित होत नसल्याने निऑन टेट्राचा तांबडा पट्टा सरळ काळा दिसतो. निळा एलईडी आज इतका सहज मिळतो, की तो एके काळी तयारच होत नव्हता हे विसरायला होते. तांबडे आणि हिरवे एलईडी १९६० आणि १९७० च्या दशकांतच आले होते, पण तेजस्वी निळा एलईडी १९९० च्या दशकात आला, आणि त्यासाठी इसामू आकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

आता जोडणीकडे वळू. एलईडी म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड. त्याचा लांब पाय धन, आखूड पाय ऋण. पाय कापले गेले असतील तर ज्या बाजूला कडा सपाट असते ती ऋण समजावी. बल्ब आणि एलईडी यांत मोठा फरक असा, की एलईडी स्वतःचा प्रवाह स्वतः आवरत नाही. निळ्या किंवा पांढऱ्या एलईडीवरचा दाब तीन व्होल्टच्या पुढे जरासा वाढला की प्रवाह झपाट्याने वाढतो, त्याने एलईडी तापतो, तापल्यावर त्याला लागणारा दाब आणखी कमी होतो आणि प्रवाह आणखी वाढतो. हे चक्र तोडण्यासाठी प्रत्येक मालिकेत रेझिस्टर लागतोच. तो किती ओहमचा हवा, हे ओहमच्या नियमाने ठरते: अ‍ॅडॉप्टरच्या व्होल्टमधून एलईडीचे व्होल्ट वजा करावे आणि उरलेल्याला हव्या असलेल्या प्रवाहाने भागावे.

नेहमी सांगितला जाणारा हिशेब असा असतो: १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर, ३.२ व्होल्टचा एलईडी, २० मिलिअँपिअर प्रवाह, उरले ८.८ व्होल्ट, भागिले ०.०२, म्हणजे ४४० ओहम. हा हिशेब एलईडी पूर्ण तेजाने पेटवण्यासाठी बरोबर आहे आणि आपल्या कामासाठी चुकीचा. आपल्याला १२ लक्सचे ०.२५ करायचे आहेत, म्हणजे उजेड सुमारे ४८ पटींनी उतरवायचा आहे. एलईडीचा उजेड ढोबळमानाने प्रवाहाच्या प्रमाणात असतो, म्हणून प्रवाहही तेवढाच उतरवून ०.४२ मिलिअँपिअरवर आणावा लागतो. इतक्या कमी प्रवाहावर एलईडीला २.७ व्होल्टच्या आसपास दाब पुरतो. तेव्हा १२ वजा २.७, म्हणजे ९.३ व्होल्ट, भागिले ०.०००४२, उत्तर येते साधारण २२,००० ओहम. २२ किलोओहम हा नेहमी मिळणारा रेझिस्टर आहे. त्यात खर्च होणारी शक्ती चार मिलिवॉटच्या आत असल्याने पाव वॉटचा छोटा रेझिस्टर कोमटही होत नाही. घरात पडून असलेला ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर वापरायचा असेल, तर हाच प्रवाह मिळवण्यासाठी ५.६ किलोओहम घ्यावा.

टाकी लांब असेल आणि दोन-तीन एलईडी लागणार असतील, तर १२ व्होल्टवर ते एकापाठोपाठ एक जोडावे आणि त्या साखळीत एकच रेझिस्टर ठेवावा. एकाच रेझिस्टरवर दोन-तीन एलईडी समांतर मात्र जोडू नयेत. एकाच पाकिटातल्या दोन एलईडींचे व्होल्टही तंतोतंत सारखे नसतात आणि ज्याचे कमी, तो जास्त प्रवाह ओढतो. अशाने एक ठळक पेटतो आणि शेजारचा मंद राहतो.

हिशेबाने आलेला आकडा हा आरंभबिंदू समजावा. एलईडीची प्रखरता पाकिटागणिक बदलते, टाकीची खोली बदलते, पाणीही कुठे स्वच्छ तर कुठे लाकडामुळे चहासारखे तपकिरी असते. म्हणून पहिल्या जोडणीत ५० किलोओहमचा गोल फिरवायचा पोटेन्शिओमीटर, म्हणजे रोध कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर, ठेवावा आणि त्याच्यासोबत १ किलोओहमचा पक्का रेझिस्टर जोडावा, म्हणजे खटका शेवटपर्यंत फिरला तरी एलईडी जळणार नाही. मग खोलीतले सगळे दिवे आणि पडदे बंद करून टाकीसमोर बसावे. मोबाइल हातात घेऊ नये. उजेड योग्य असेल, तर पहिल्या मिनिटाला टाकी जवळजवळ काळी वाटते आणि वायर कुठे सुटली की काय अशी शंका येते. पाच-दहा मिनिटांनी दगडांच्या कडा दिसू लागतात, नंतर माशांच्या पाठी, आणि वीस मिनिटांनी तळाशी हलणाऱ्या मिशाही ओळखता येतात. दिवे घालवल्याक्षणीच सगळे स्पष्ट दिसत असेल, तर उजेड जास्त आहे. मनासारखे जमले की पोटेन्शिओमीटर काढून त्यावरचा रोध मल्टिमीटरने मोजावा आणि तेवढ्या ओहमचा पक्का रेझिस्टर डाख देऊन बसवावा.

एलईडी किती लावावे, याचे उत्तर केवळ उजेडावर अवलंबून नाही. चांदण्याचे खरे सौंदर्य पाण्याच्या तळावर हलणाऱ्या प्रकाशरेषांच्या जाळीत असते. फिल्टरच्या धारेने पृष्ठभागावर उठणारी प्रत्येक लहर एखाद्या भिंगासारखी प्रकाश गोळा करते आणि तळावर एक तेजस्वी रेघ ओढते. ही रेघ रेखीव येण्यासाठी प्रकाशाचा उगम लहान हवा. पौर्णिमेचा चंद्र आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो. हात पूर्ण लांबवून धरलेल्या करंगळीच्या नखाआड तो सहज झाकला जातो. आणि पाच मिलिमीटरचा एलईडी पन्नास-पंचावन्न सेंटिमीटरवरून पाहिला तर तोही जवळपास अर्धाच अंश भरतो. म्हणजे नेहमीच्या टाकीच्या तळावर बसलेल्या माशाच्या बाजूने पाहिले, तर झाकणाजवळचा एक एलईडी चंद्राच्याच आकाराचा असतो. हा योगायोग मला अतिशय आवडतो. दुसरा एलईडी लावला की दुसरी जाळी पहिलीवर पडते, सहा लावले की सगळ्या जाळ्या एकमेकींत मिसळून तळ सपाट, निर्जीव दिसतो. म्हणून दोन-अडीच फुटांपर्यंतच्या टाकीत एकच एलईडी, तोही मधोमध न लावता एका बाजूला लावावा. दुसरी बाजू अंधारी राहते आणि माशांना उजेड हवा की सावली, हे त्यांचे त्यांना ठरवता येते.

पारदर्शक डोक्याचा एलईडी टॉर्चसारखा अरुंद झोत टाकतो आणि तळावर एक गोल ठिपका उमटतो. तो नको असल्यास एलईडीचे गोल डोके बारीक पॉलिश पेपरवर घासून दुधी करावे. झोत पसरतो आणि ठिपक्याची कड विरघळते. प्रकाश पसरल्याने तळावरचा उजेड थोडा घटतो, त्यामुळे घासण्याचे काम उजेड जुळवण्याच्या आधी उरकावे.

पाणी आणि वीज एकत्र येतात तिथे हयगय चालत नाही. टाकीवर जाणारी वायर फक्त १२ किंवा ५ व्होल्टची असावी. भिंतीतल्या विजेचा भाग, म्हणजे अ‍ॅडॉप्टर, टाकीपासून दूर आणि पाण्याच्या पातळीपेक्षा वर असावा. वायर प्लगकडे नेताना मध्ये खाली झोल सोडावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकते आणि प्लगपर्यंत पोचत नाही. टाकीच्या सर्व उपकरणांच्या जोडणीवर गळती ओळखून वीज तोडणारा स्विच असावा. एलईडी पाण्यात बुडवण्याची गरज नाही. काचेच्या झाकणाच्या वरच्या बाजूला तो ठेवला की बाष्प आणि शिंतोडे आपोआप टळतात. झाकण नसेल तर प्रत्येक सांध्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवून वर सिलिकॉन भरावे. इथे एक बारीक गोष्ट आहे: व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सुकताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडते आणि ते तांब्याच्या तारेला गंजवते. वास नसलेले, न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन सांध्यांसाठी घ्यावे. उघडे तांबे टाकीत ठिबकू देऊ नये, कारण कोळंबी आणि गोगलगायींना ते फार थोड्या प्रमाणातही विषारी ठरते.

वेळेचे गणित सोपे आहे. दिवसाचा मुख्य दिवा आठ-दहा तास, तो बंद होण्याच्या अर्धा तास आधी चांदणे सुरू, आणि पुढे दोन ते तीन तासांनी तेही बंद, म्हणजे उरलेली रात्र पूर्ण काळोखाची. दोन साधे टायमर एवढे काम करतात. चांदण्याने शेवाळ वाढते का, असे बऱ्याचदा विचारले जाते. पाव लक्स उजेडात शेवाळाला श्वसनात खर्च होणारी ऊर्जाही परत मिळवता येत नाही. शेवाळाचे मूळ दिवसाच्या लांबलेल्या उजेडात आणि पाण्यातल्या नायट्रेट-फॉस्फेटमध्ये शोधावे.

चंद्राच्या कला आणायच्या असतील तर अर्डुइनोसारखा छोटा नियंत्रक आणि एक घड्याळाची चिप लागते. नियंत्रक एलईडी अतिशय वेगाने चालू-बंद करतो आणि चालू असण्याचा वाटा बदलून उजेड कमी-जास्त करतो. इथे एक चूक टाळावी. अष्टमीला चंद्राची अर्धी चकती उजळलेली असते, म्हणून उजेडही निम्मा असेल असे वाटते. प्रत्यक्षात तो पौर्णिमेच्या साधारण एक दशांशच असतो, कारण बाजूने येणाऱ्या उन्हामुळे चंद्रावरचे खाचखळगे लांब सावल्यांनी भरून जातात. अमावास्येच्या आसपासचे काही दिवस एलईडी बंदच ठेवावा. पूर्ण चक्र २९.५ दिवसांचे.

गोड्या पाण्याच्या टाकीत हा खटाटोप हौसेचा आहे. समुद्री टाकीत, विशेषतः प्रवाळांसाठी, त्याला खोल अर्थ आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर वर्षातून एकदा, वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत, अनेक जातींचे प्रवाळ एकाच वेळी अंडी आणि शुक्रपेशींचे पुंजके पाण्यात सोडतात. प्रवाळाला डोळे नाहीत, पण निळा प्रकाश ओळखणारी क्रिप्टोक्रोम नावाची प्रथिने त्याच्यात असतात, हे २००७ मध्ये एका अ‍ॅक्रोपोरा प्रवाळावरच्या संशोधनातून पुढे आले. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातील मत्स्यालयाने पाण्याचे तापमान, दिवसाची लांबी आणि चंद्राच्या कला जुळवून बंद टाक्यांत असे प्रजनन घडवून आणले आहे. तिथे चांदण्याइतकीच किंमत चांदणे नसलेल्या रात्रींना असते. टाकीवर शेजारच्या खोलीचा उजेड सांडला, तर सगळी जुळणी बिघडू शकते.

चांदणे बसवल्यावर पहिला आठवडा माशांकडे लक्ष ठेवावे. दिवसभर लाकडाखाली दडलेले प्लेको, कुहली लोच किंवा सिनोडोंटिस अर्ध्या-पाऊण तासात बाहेर येऊन काच चाटू लागले, वाळू चाळू लागले, आणि दिवसाचे मासे झाडांजवळ पंख जेमतेम हलवत स्थिर राहिले, तर उजेड बरोबर आहे. रात्रीचे मासे बाहेरच येत नसतील किंवा टेट्रांचा थवा विसावण्याऐवजी दिवसासारखा फिरत राहत असेल, तर २२ किलोओहमच्या जागी ४७ किलोओहम लावून पाहावा.